खाजण म्हणजे काय? किनाऱ्याची परिभाषा आणि किनाऱ्यावरचे शब्द

मराठी भूगोलाच्या पुस्तकात सागरी लाटांच्या कार्याचे प्रकरण उघडले की पुळण, वाळूचा दांडा यांच्या पाठोपाठ 'खाजण' हा शब्द येतो. त्याची व्याख्या साधारण अशी असते : लाटांच्या संचयन कार्यामुळे किनाऱ्याला समांतर वाळूचा दांडा तयार होतो, दांडा आणि किनारा यांच्यामध्ये समुद्राचे पाणी अडकते, आणि अशा रीतीने जे उथळ खाऱ्या पाण्याचे सरोवर तयार होते त्यास खाजण म्हणतात. उदाहरण म्हणून ओडिशातील चिल्का सरोवराचे नाव दिलेले असते.

गोव्यातल्या विद्यार्थ्याला खाजण ठाऊक असते, पण ते हे नव्हे. त्याच्या आजोबांच्या बोलण्यातले खाजण म्हणजे शेत. खाडीच्या कडेला बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली, पावसाळ्यात भात देणारी जमीन. एकाच शब्दाचे दोन अर्थ : एकात पाणी अडकलेले आहे, दुसऱ्यात पाणी अडवलेले आहे. एक निसर्गाने केलेले आहे, दुसरे माणसाने.

तिसवाडी तालुक्यात भूगोल शिकवताना हा पेच माझ्यासमोर दरवर्षी येत असे. 'खाजण म्हणजे खाडीकाठची भाताची जमीन' असे उत्तर लिहिणारा मुलगा व्याख्येच्या कसोटीवर नापास होतो, आणि पुस्तकातली व्याख्या पाठ करणारा मुलगा स्वतःच्या गावाच्या कसोटीवर. दोष दोघांचाही नाही. मराठीची किनारी परिभाषा दोन ठिकाणांहून आली आहे. काही शब्द कोशातून आले, काही किनाऱ्यावरून. ते कुठे जुळतात, कुठे भांडतात, आणि खाजणाच्या बाबतीत हे भांडण केवळ शब्दांचे का राहत नाही, हे या लेखात मांडावयाचे आहे.

उपसागर, आखात आणि खाडी

प्रथम मोठ्या पाण्याचे शब्द घेऊ. महासागर, समुद्र, उपसागर, आखात, खाडी अशी उतरंड आपण शाळेत शिकतो. उपसागर म्हणजे जमिनीत रुंद तोंडाने शिरलेला समुद्राचा भाग; आखात म्हणजे तिन्ही बाजूंनी अधिक जवळून वेढलेला; खाडी म्हणजे नदीच्या मुखातून भरतीचे पाणी जिथवर आत येते तो भाग. म्हणून बंगालचा उपसागर, खंभातचे आखात आणि धरमतरची खाडी.

ही वाटणी मराठीत नेमकी आहे, पण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ती तितकीशी सहज नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांच्या कानावर दिवसभर हिंदी असते. हिंदीत 'बंगाल की खाड़ी' आहे, 'खंभात की खाड़ी' आहे आणि आखाती देशांनाही 'खाड़ी देश' म्हणतात. तिथला मुलगा मराठीत 'बंगालची खाडी' लिहितो तेव्हा तो भूगोल चुकलेला नसतो, भाषा ओलांडताना अडखळलेला असतो. वडोदऱ्याच्या मुलाला ही अडचण नाही. गुजरातीतही उपसागर आणि अखात हे दोन शब्द मराठीसारखेच वापरले जातात. बेळगावच्या मुलाला कन्नडमध्ये दोन्हींसाठी 'कोल्ली' हा एकच शब्द भेटतो. हैदराबादेत आणखी निराळी गंमत आहे. तेलुगूत बंगालच्या उपसागराला 'बंगाळाखातम्' म्हणतात. म्हणजे आपण ज्याला उपसागर म्हणतो त्याला तिथे आपलाच दुसरा शब्द लावलेला आहे.

या 'आखात' शब्दाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. संस्कृत कोशांत 'खात' म्हणजे खणलेले तळे आणि 'अखात' म्हणजे कोणी न खणलेला, देवानेच केलेला जलाशय. माणसाचा हात लागला आहे की नाही, यावरून पाण्याचे नाव ठरविण्याची ही रीत जुनी आहे. पुढे खाजणाकडे वळू तेव्हा ती उपयोगी पडेल.

नाव कशावरून द्यायचे, याविषयी प्रत्येक भाषेचा कल वेगळा असतो. दोन मोठ्या जलभागांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पाण्याला हिंदीत जलडमरूमध्य म्हणतात. डमरूच्या मधल्या भागासारखा आकार, म्हणून ते नाव. मराठीने त्याला सामुद्रधुनी म्हटले. धुनी म्हणजे नदी. समुद्रात वाहणारी नदी ती सामुद्रधुनी. हिंदीने नकाशा पाहिला, मराठीने प्रवाह पाहिला. दोन्ही नावे चांगली आहेत. पण विद्यार्थ्याला नावामागचा विचार सांगितला तर शब्द पाठ करावा लागत नाही, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

भूशिर, कडा, पुळण, दांडा

किनाऱ्याच्या भूरूपांचे दोन गट पडतात : लाटांनी झिजवून केलेली आणि लाटांनी आणून टाकलेली. गोव्याच्या लहानशा किनाऱ्यावर दोन्ही गट हाताच्या अंतरावर दिसतात.

पहिल्या गटात भूशिर, समुद्रकडा, सागरी गुहा आणि तरंगघर्षित मंच ही नावे येतात. भूशिर म्हणजे समुद्रात पुढे आलेले जमिनीचे डोके. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मुखांमध्ये जे टोक समुद्रात घुसले आहे त्याला काबो म्हणतात. पोर्तुगीज भाषेत 'काबो' म्हणजे भूशिरच, आणि त्या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही डोके असाच आहे. दक्षिणेला काणकोणकडे जाताना काब द राम लागते. आग्वादचे नाव मात्र पाण्यावरून पडले. परदेशातून येणारी गलबते तिथल्या झऱ्यावर गोडे पाणी भरून घेत, म्हणून ती जागा आग्वाद.

तरंगघर्षित मंच हा शब्द मुलांना जड जातो. तो समजावण्यासाठी ओहोटीच्या वेळी हणजुण्याच्या किनाऱ्यावर जावे. पाणी मागे सरले की कड्याच्या पायथ्याशी खडकांची सपाट, खाचखळग्यांची पायरी उघडी पडते. लाटा कड्याचा पायथा पोखरतात, वरचा भाग कोसळतो, कडा मागे हटतो आणि त्याची जुनी जागा या पायरीच्या रूपाने मागे उरते. ही पायरी पाहिलेला विद्यार्थी त्या आठ अक्षरांना घाबरत नाही.

दुसऱ्या गटातला मुख्य शब्द पुळण. संस्कृत 'पुलिन'वरून आलेला हा शब्द कोकणात आजही बोलण्यात आहे. कोकणीत त्याच जागेला 'वेळ' म्हणतात. संस्कृत 'वेला' म्हणजे समुद्रतीर, त्याच्याशी त्याचे नाते उघड आहे. पुळण ही स्थिर वस्तू नव्हे, हे पुस्तकात पुरेसे सांगितले जात नाही. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या उंच लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून समुद्रात नेतात आणि पुळण अरुंद होते. पाऊस ओसरल्यावर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. मार्चमध्ये पाहिलेली पुळण आणि ऑगस्टमध्ये पाहिलेली पुळण या एकाच जागेच्या दोन अवस्था असतात. पुळणीमागच्या वाळूच्या टेकड्या ही या देवघेवीची शिल्लक असते. टेकडी सपाट करून तिच्यावर बांधकाम केले, की वादळाच्या वर्षी समुद्राला द्यायला वाळू उरत नाही आणि तो जमीन मागतो.

वाळूचा दांडा हाही बोलीतून परिभाषेत गेलेला शब्द. मालवण तालुक्यात कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये देवबागची जी लांब, चिंचोळी पट्टी आहे ती याचे उत्तम उदाहरण. गोव्यात साळ नदीकडे पाहावे. ही नदी सासष्टीत बराच काळ समुद्राला समांतर वाहते. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही मध्ये वाळूची पट्टी असल्याने तिला वाट मिळत नाही, आणि शेवटी बेतुलला ती समुद्राला मिळते. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ पाण्याखाली असाच एक दांडा आहे. पावसाळ्यात त्याच्यावर लाटा फुटू लागल्या की ते मुख नौकानयनाला बंद होते. म्हणून खनिजवाहू बार्जी पावसाळ्यात कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत उतरून मुरगाव बंदर गाठीत.

किनारा मोजावा कसा, हा प्रश्नही इथेच सांगून टाकतो. भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६ किलोमीटर असे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो. अलीकडच्या सरकारी मोजणीत ती ११,०९८ किलोमीटर झाली आहे. समुद्राने नवी जमीन दिलेली नाही. आधीची मोजणी लहान प्रमाणाच्या नकाशावरून झाली होती, नवी मोठ्या प्रमाणाच्या नकाशावरून झाली. बारकाईने पाहिले की खाड्यांची वळणे, नद्यांची मुखे, बेटांच्या कडा मोजणीत येतात. किनारा ही रेघ नसून खाच आहे, हे पटवून द्यायला या दोन आकड्यांइतके चांगले साधन नाही.

खाडी आणि मचूळ पाणी

पश्चिम किनाऱ्यावर त्रिभुज प्रदेश नाहीत, खाड्या आहेत, का? दोन कारणे सांगता येतात. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आखूड आणि वेगवान आहेत. पूर्वेकडे वाहणाऱ्या गोदावरी-कृष्णांइतका गाळ त्या आणत नाहीत. दुसरे कारण जुने आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळले, समुद्र वर चढला आणि नद्यांच्या खालच्या दऱ्या पाण्याखाली गेल्या. आपल्या खाड्या म्हणजे या बुडालेल्या दऱ्या होत.

मांडवीचे उदाहरण घ्या. तिचा उगम बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यात होतो. वरच्या भागात ती म्हादई; खाली, जिथे भरती-ओहोटी तिच्यात खेळते, तिथे मांडवी. मांडवी म्हणजे जकात घेण्याची जागा. वडोदऱ्याच्या जुन्या शहरातली मांडवी, कच्छचे मांडवी बंदर, मुंबईतली मांडवी यांच्याशी हे नाव जुळते. नदीच्या खालच्या भागाला व्यापाराचे नाव मिळाले, कारण तिथपर्यंत भरतीबरोबर गलबते येत.

मांडवीत भरतीचा प्रभाव मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत पोहोचतो. जुवारीत तो सांग्यापर्यंत जातो. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे सव्वादोन मीटरांचा फरक पडतो. भांगाच्या वेळी दीड मीटरांच्या आसपास. तुलनेसाठी, खंभातच्या आखातात भावनगरला हा फरक दहा मीटरांच्या घरात जातो, कारण आत आत निमुळत्या होत जाणाऱ्या आखातात पाणी कोंडले जाऊन वर चढते. पावसाळ्यात मांडवीला पूर आला की मुखाजवळही वरचे पाणी जवळजवळ गोडे असते. उन्हाळ्यात खारटपणा आतवर चढत जातो. या मधल्या पाण्याला पुस्तके 'निमखारे' म्हणतात. किनाऱ्यावरचा शब्द 'मचूळ' आहे, आणि तो जिभेवरचा शब्द आहे.

इथे परिभाषेच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला 'उधाणाची भरती' आणि अष्टमीच्या सुमारासच्या लहान भरतीला 'भांगाची भरती' ही नावे पुस्तकांनी दर्यावर्दी लोकांच्या बोलण्यातून जशीच्या तशी उचलली. त्यांचा अर्थही बदलला नाही. म्हणून होडीवाल्याचा मुलगा आणि शहरातला मुलगा हे प्रकरण एकाच भाषेत शिकतात. बोलीतला शब्द शास्त्रात नेताना काय करावे, याचा हा नमुना आहे.

खाजण : पाण्याशी केलेला करार

आता खाजणाकडे वळू. खाडीच्या दोन्ही काठांना भरतीच्या पातळीखाली असणारी सपाट, गाळाची जमीन असते. मोकळी सोडली तर भरती दिवसातून दोनदा तिच्यावर चढेल आणि तिथे खारफुटी वाढेल. गोव्यातल्या लोकांनी या जमिनीच्या कडेने बांध घातले. बाहेरचा बांध चिखल, गवताचा पेंढा आणि जांभा दगड यांचा. त्याच्या पलीकडची खारफुटी लाटांचा मारा सोसून बांध राखते. ही व्यवस्था फार जुनी आहे. मौर्यवंशी राजा अनिर्जितवर्मा याच्या सहाव्या शतकाच्या सुमाराच्या बांदोडा ताम्रपटात खाजण जमिनीचा उल्लेख अभ्यासक दाखवतात. आज गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर क्षेत्र खाजणाखाली मोजले जाते.

बांधात ठरावीक जागी मानस असते. मानस म्हणजे पाण्याचे दार. तिच्या लाकडी झडपा अशा टांगलेल्या असतात की भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने त्या बंद होतात, आणि ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. माणसाने दार ओढायचे नाही. चंद्र ते काम करतो. मानशीच्या आत पोंय असते, म्हणजे खोलगट जलाशय. शेतातले पावसाचे पाणी पोंयीत उतरते आणि तिथून ओहोटीबरोबर खाडीत जाते. गरजेपुरते खारे पाणी पोंयीत घेतात, पण ते शेताच्या पातळीवर चढता कामा नये. साऱ्या खाजणाचा जीव या एका नियमात आहे.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. पहिल्या सरींनी जमिनीतले मीठ धुऊन निघते आणि मग कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात तिथे येते. पीक निघाल्यावर काही खाजणांत मासे आणि कोळंबी वाढते. काही ठिकाणी मिठागरे चालतात. मानशीतून पाणी बाहेर पडताना तिच्या तोंडाशी जाळे लावून मासे धरतात आणि या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो. त्या पैशातून पूर्वी बांधाची डागडुजी होई. हे सगळे गावकारी ही ग्रामसंस्था पाहत असे. पोर्तुगीजांनी तिलाच कोमुनिदाद म्हटले.

गोव्यातला शेतकरी भाताच्या जमिनीचे तीन प्रकार सांगतो : मरड, खेर आणि खाजण. मरड उंचावरची, पावसावर अवलंबून असलेली; खेर मधली, रेताड; खाजण सर्वांत खालची, भरतीच्या पातळीखालची. ही वर्गवारी मातीची जशी आहे तशीच पाण्याची आहे. कुठले पाणी येते, कधी येते, कोण अडवते, यावरून जमिनीचे नाव ठरते.

ही रीत एकट्या गोव्याची नाही. रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागच्या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. तिथल्या अशा जमिनींसाठी महाराष्ट्राने १९७९ साली खारभूमी विकास कायदा केला. उत्तर कन्नड जिल्ह्यात अघनाशिनीच्या खाडीकाठी अशाच जमिनीला 'गजनी' म्हणतात आणि तिथे कग्गा नावाचे भात होते. केरळमध्ये पोक्काळी भाताची आणि कोळंबीची आलटूनपालटून शेती चालते. गोव्याचे खाजण, उत्तर कन्नडची गजनी, रायगडची खारभूमी : पश्चिम किनाऱ्यावर एकाच युक्तीची ही नावे आहेत.

मग पुस्तकातले खाजण कुठून आले? बांध घालण्यापूर्वीची जमीन डोळ्यांसमोर आणली की उलगडा होतो. सखल भाग, त्यात शिरलेले आणि साचलेले खारे पाणी, कडेला चिखल. शास्त्रीय संज्ञेला मराठी शब्द शोधणाऱ्यांनी या साचलेल्या खाऱ्या पाण्याचा धागा पकडला आणि तो दांड्यामागच्या सरोवराला जोडला, असे मला वाटते. शब्द देशी निवडला, हे चांगलेच केले. पण उधाण आणि भांग घेताना अर्थ सोबत घेतला होता. खाजण घेताना अर्थातला बांध गळून पडला.

शब्द चुकला तर काय बिघडते?

एखाद्याला वाटेल की हा परीक्षेतल्या दोन गुणांचा प्रश्न आहे. तसे नाही. केंद्र सरकारच्या २०११ सालच्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. त्यात भरतीच्या प्रभावाखालच्या सखल जमिनींना 'खाजण' हेच नाव दिले आहे. त्यांचे नकाशे करावेत, व्यवस्थापन आराखडा करावा आणि तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये, असे म्हटले आहे. आता कल्पना करा : ही अधिसूचना मराठीतून वाचणारा तरुण पुस्तकात शिकला आहे की खाजण म्हणजे चिल्क्यासारखे सरोवर. तो स्वतःच्या गावाच्या सीमेवर पाहील आणि म्हणेल, आमच्याकडे खाजण नाही. ज्या जमिनीला कायद्याने संरक्षण दिले, ती त्याच्या डोळ्यांदेखत भरावाखाली जाईल आणि कायद्यातला शब्द त्याला तिची ओळख पटवून देणार नाही.

दुसरी अडचण याहून गुंतागुंतीची आहे. १९६४च्या कूळ कायद्यानंतर गावकारीचे हात सैल झाले आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली. मासेमारीला भातापेक्षा अधिक पैसा मिळू लागला, तसे काही ठिकाणी मानस गरजेपेक्षा जास्त वेळ उघडी ठेवली जाऊ लागली आणि खारे पाणी शेतावर चढू लागले. बांधाला खांड पडली आणि ती एका हंगामात बुजवली गेली नाही, की मीठ जमिनीत मुरते. दोन-चार वर्षांत शेतात खारफुटी उगवते. खारफुटीलाही कायद्याचे संरक्षण आहे. मग तीच जागा म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी खाजण असते, वनखात्याच्या नकाशावर खारफुटीचे वन असते, आणि जमीन घ्यायला आलेल्याच्या लेखी पडीक दलदल असते. तिघेही समोर दिसते तेच सांगतात. पण फक्त पहिल्या शब्दात तिथे एक बांध होता, एक मानस होती आणि ती सांभाळणारा एक गाव होता, ही माहिती साठवलेली आहे. तो शब्द गेला की ती माहितीही जाते, आणि मग खांड बुजवा असे म्हणायला कारण उरत नाही.

'पाणथळ' हा शब्द अलीकडे सगळ्यावर पसरू लागला आहे. तो उपयोगी आहे. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ साली रामसर दर्जा मिळाला, तेव्हा त्या शब्दाचे महत्त्व लोकांना कळले. परंतु पाणथळ हे कुळाचे नाव आहे. तळे, पोंय, खाजण, मिठागर ही व्यक्तींची नावे आहेत. कुळाचे नाव सांगून व्यक्तीची ओळख पटत नाही.

वर्गात काय करता येईल

तक्रार करून थांबणे शिक्षकाला शोभत नाही, म्हणून काही सूचना.

पहिली सूचना परिभाषेची. दांड्यामागच्या खाऱ्या जलाशयाला 'किनारी सरोवर' म्हणावे. शब्द साधा आहे, अर्थ उघड आहे आणि तो कोणाच्या ओळखीच्या शब्दावर अतिक्रमण करत नाही. चिल्का आणि पुलिकत ही किनारी सरोवरे; केरळच्या वेंबनाडला 'कायल' हा तिथला शब्द मराठीतही चालतो. आणि 'खाजण' हा शब्द ज्यांचा आहे त्यांच्याकडे राहू द्यावा : बांध आणि मानस यांच्या साहाय्याने भरतीपासून राखलेली खाडीकाठची जमीन. पाठ्यपुस्तक बदलेपर्यंत शिक्षकाने फळ्यावर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी लिहावेत. विद्यार्थ्याला संभ्रम होईल ही भीती अनाठायी आहे. एका शब्दाला दोन अर्थ असतात हे त्याला व्याकरणाच्या तासाला आधीच सांगितलेले असते.

दुसरी सूचना शब्दसंग्रहाची. खाडीकाठच्या शाळांतील मुलांना घरून दहा शब्द आणायला सांगावेत. भरती-ओहोटीचे, बांधाच्या भागांचे, माशांच्या जाळ्यांचे, बेटांचे. दिवाडी, चोडण, कुंभारजुवे यांच्या परिसरात विचारले तर 'जुवे' म्हणजे नदीतले बेट हे कोणीतरी सांगतेच, आणि मग कुंभारजुवे या नावातला भूगोल मुलांना आपोआप दिसतो. ओहोटीला 'सुकती' म्हणणारी आजी अजून कुठल्या तरी घरात आहे. प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : ती वस्तू कुठे आहे, तिथले पाणी गोडे, खारे की मचूळ, आणि ती कोण सांभाळते. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तीही नोंदच आहे.

तिसरी सूचना समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी. इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादच्या मराठी शिक्षकाला खाडी दाखवता येणार नाही. पण आपली परिभाषा आणि शेजारची भाषा यांची जुळणी दाखवता येईल. उपसागर, आखात, खाडी या तीन शब्दांसमोर हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू शब्द लिहिलेला एक तक्ता वर्गात टांगला, तर 'बंगालची खाडी' ही चूक लाल शाईशिवाय दुरुस्त होते. बेळगावच्या शिक्षकाला तर अधिक मोठी संधी आहे. त्याच्या जिल्ह्यात म्हादई झऱ्यासारखी सुरू होते. झरा, ओहोळ, ओढा, नदी हे वरचे शब्द त्याच्या विद्यार्थ्यांनी गोळा करावेत, खाडी, पोंय, मानस, खाजण हे खालचे शब्द गोव्याच्या विद्यार्थ्यांनी, आणि दोन्ही याद्या एकमेकांना पाठवाव्यात. एका नदीचा पूर्ण कोश तयार होईल.

अकादमीसारख्या संस्थेने अशा याद्या एकत्र करून छापल्या, तर तो केवळ बोलीचा संग्रह ठरणार नाही. बांध कुठे होता, मानस कुठल्या गावची, पोंय कोणत्या पातळीपर्यंत भरायची, हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. खांड बुजवायला चिखल आणि दगड लागतात हे खरे. पण खांड कुठे आहे हे दाखवायला आधी तिचे नाव माहीत असलेला माणूस लागतो.